विश्लेषण : झाड तेच, मग चित्र उदास का वाटतं? कोटितीर्थाकाठचे आबालाल रहिमान

कोराडीच्या तलावाकाठी डिसेंबरात सकाळी साडेसहाला गेलं तर पलीकडची झाडं झाडांसारखी दिसतच नाहीत. धुक्यात नुसते करडे डाग दिसतात. खोड कुठं संपलं आणि पाण्यातलं प्रतिबिंब कुठं सुरू झालं ते कळत नाही. वर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूरही त्याच करड्यात मिसळलेला असतो. दुपारी एक वाजता तीच झाडं सरळ, हिरवी आणि रोखठोक. देवीच्या दर्शनाला आलेली मंडळी दोन्ही वेळी मोबाइल बाहेर काढतात. सकाळचा फोटो स्टेटसला जातो, दुपारचा गॅलरीत पडून राहतो. झाड तेच, पाणी तेच, मग मनावर होणारा परिणाम इतका वेगळा का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरात एक चित्रकार याच प्रश्नापाशी आयुष्यभर बसून राहिला. त्याच्यापुढेही एक तलावच होता. चित्रकाराचं नाव आबालाल रहिमान.

कोण होते आबालाल?

जन्म 1860 च्या सुमाराचा, कोल्हापूरचा. मृत्यू 28 डिसेंबर 1931, तोही कोल्हापुरातच. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्या परंपरेची सुरुवात बहुतेक जाणकार त्यांच्यापासून करतात. तरीही विदर्भात हे नाव फारसं कानावर पडत नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. आबालाल यांची चित्रं अशी छापून घरोघरी गेली नाहीत. त्यांनी व्यक्तिचित्रंही केली, पण त्यांची खरी ओळख निसर्गचित्रांची. तळं, झाडं, घाट, देऊळ आणि या सगळ्यांवर पडणारा उजेड हा त्यांचा विषय. असं चित्र कॅलेंडरवर चालत नाही.

घर मुसलमान, कोल्हापूर दरबाराशी संबंध असलेलं, फारसी-अरबी जाणणारं. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणं आणि त्यांची पानं सजवणं ही घरातली विद्या. चित्रकार म्हणून आबालाल कसे घडले हे समजायला हा तपशील फार महत्त्वाचा आहे. कुराणाच्या सजावटीत माणसं नसतात, प्राणी नसतात. असतात वेली, पानं, फुलं आणि भूमितीच्या आकृत्या. म्हणजे या मुलाने रंगात पाहिलेली पहिली हिरवळ बागेतली नसून पानाच्या कडेची असावी. शिवाय सुलेखनाची शिस्त कडक. बोरू एकदा कागदावर टेकला की उचलेपर्यंत चूक करायची मुभा नाही, कारण खोडून पुन्हा लिहिता येत नाही. जलरंगाचाही नियम नेमका हाच आहे.

त्यांना मुंबईला कुणी पाठवलं याची एक हकीकत कोल्हापुरात सांगितली जाते. इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीला भाषा शिकवायला आबालाल यांचे वडील जात असत. मुलाची चित्रं त्या बाईंच्या नजरेस पडली आणि त्यांनी खटपट करून त्याला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. हा 1880 च्या दशकातला काळ. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचं मोठं काम त्यांनी 1872 पासून चालवलं होतं. शाळेतलं शिक्षण ब्रिटिश पद्धतीचं होतं. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, मग प्रत्यक्षावरून रेखाटन, मग रंग. आबालाल या शिक्षणात चमकले. 1888 मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

इथून पुढची वाट त्या काळी ठरलेली होती. मुंबईत राहायचं, संस्थानिक आणि शेटजी यांची व्यक्तिचित्रं करायची, प्रदर्शनांत बक्षिसं घ्यायची. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर वयाने आबालाल यांच्याहून लहान. ते 1890 मध्ये जे. जे.त दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे काही काळ संस्थेचे संचालकपदही त्यांनी सांभाळलं. आबालाल सुवर्णपदक घेऊन कोल्हापूरला परतले. पैशांच्या हिशेबात हा निर्णय तोट्याचाच होता. व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक असायचं, कारण त्यात गिऱ्हाईक स्वतःच असायचं. झाडाच्या चित्राला पैसे कोण देणार?

जलरंगात झाड रंगवणं इतकं अवघड का?

मूड वगैरे शब्द हवेतले वाटतात, पण त्यांच्यामागे बरंच भौतिकशास्त्र आहे. जलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड, ती धरून ठेवणारा गोंद आणि पाणी. हा गोंद आफ्रिकेतल्या एका बाभूळवर्गीय झाडाचा असतो. हस्तलिखितांची पारंपरिक काळी शाईसुद्धा काजळी आणि गोंद यांचीच असते. वडिलांची दौत आणि मुलाची रंगपेटी यांच्यात एवढं जवळचं नातं होतं.

तैलरंगात पांढरा रंग हाताशी असतो. काळोखी पानं रंगवून झाल्यावर त्यांवर उजेडाचे ठिपके ठेवता येतात. पारदर्शक जलरंगात तसं होत नाही. तिथे पांढरं म्हणजे कोरा कागद. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत डोळ्यापर्यंत येतो. म्हणून चांगल्या जलरंगात आतून दिवा लावल्यासारखा उजेड जाणवतो. पण याची किंमतही मोठी आहे. पानांच्या फटीतून आभाळ दिसायला हवं असेल, तर त्या फटी चित्राच्या सुरुवातीलाच ठरवून कोऱ्या सोडाव्या लागतात. एकदा रंग गेला की आभाळही गेलं. जलरंगातलं झाड जितकं रंगवून होतं, तितकंच न रंगवून होतं.

दुसरी अडचण वाळण्याची. कागद ओला असताना रंग लावला तर तो पसरतो आणि कडा विरघळतात. धुकं, लांबची झाडी, पाण्यातलं प्रतिबिंब असं येतं. कागद कोरडा असताना लावला तर कडा धारदार राहतात. जवळची फांदी, वाळलेला बुंधा असा येतो. या दोन टोकांमध्ये एक दमट अवस्था असते. तिथे रंग किती पसरेल हे केवळ सरावाने कळतं आणि ती फार थोडा वेळ टिकते. नागपुरात मे महिन्यात बाहेर बसून जलरंग करून पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुंचला उचलून बघेपर्यंत कागद खडखडीत झालेला असतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्रास उलटा, कागद वाळतच नाही. जागेवर बसून केलेल्या जलरंगात त्या दिवसाची हवा अशी अक्षरशः उतरते.

तिसरी गोष्ट अंतराची. दूरचं झाड नुसतं लहान दिसत नाही, ते फिकं आणि निळसरही दिसतं, कारण मधल्या हवेत प्रकाश विखुरतो आणि त्यात निळा जास्त विखुरतो. रामटेकच्या बाजूची टेकडी लांबून निळी दिसते ती यामुळेच. चित्रकार जवळच्या झाडाला उबदार आणि गडद करतो, लांबच्याला थंड आणि फिकं. तेवढ्यानेच सपाट कागदावर मैलभराची खोली येते. आणि खोली आली की एकटेपणाही येऊ लागतो.

झाडाचा अर्थ ठरलेला असतो का?

मराठी माणसाला झाडं वाचायची सवय आहे. वड दिसला की वटपौर्णिमा आठवते, पिंपळाला मुंजा, औदुंबराला दत्तगुरू, बेलाला महादेव. आपट्याचं पान दसऱ्याला सोनं होतं. विदर्भात फाल्गुनातला पळस पानं टाकून नुसत्या केशरी फुलांनी पेटतो तेव्हा होळी जवळ आल्याचं कळतं. इतर देशांतही असे कोश आहेत. चीन-जपानच्या चित्रांत पाइन म्हणजे दीर्घायुष्य. जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिख याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फातले निष्पर्ण ओक रंगवले, त्यात पाहणाऱ्यांनी मरण वाचलं.

पण हा कोश घेऊन प्रत्येक चित्रापुढे उभं राहिलं तर फसगत होते. चाफ्याचंच घ्या. तो देवळाच्या आवारात असतो आणि कबरस्तानातही असतो. मग चित्रातल्या चाफ्याचा अर्थ काय धरायचा? हे झाडाच्या जातीवरून कळत नाही. चाफ्याभोवती कुठला उजेड आहे, शेजारी किती जागा रिकामी आहे, फांद्या आभाळात जातात की चौकटीत अडतात, यावरून कळतं.

आबालाल यांच्या निसर्गचित्रांत झाडं बहुधा चिन्ह म्हणून येतच नाहीत. हा वड आहे, म्हणून इथे श्रद्धा आहे, असं ती सांगत नाहीत. त्यांच्या चित्रांच्या विषयांत रंकाळ्यातला संध्यामठ आहे, रावणेश्वर आहे, कोटितीर्थ आहे. सगळी धार्मिक नावं, आणि रंगवणारा कुराण लिहिणाऱ्या घरातला. आजच्या चष्म्यातून यात लगेच सलोख्याचा संदेश शोधला जाईल. तो शोधायला हरकत नाही, पण चित्रांचा जोर तिथे नाही. पाणी वाढलं की बुडणारा आणि उतरलं की उघडा पडणारा दगडी मठ, त्याच्यावर उतरती संध्याकाळ. चित्रकाराला हे पुरेसं होतं.

मग उदासी येते कुठून?

कोटितीर्थ हे कोल्हापुरातलं जुनं तळं. आबालाल यांनी आयुष्याचा मोठा काळ याच परिसरात काढला आणि हे तळं, त्याच्या काठची झाडं, पाण्यातली त्यांची सावली पुन्हा पुन्हा रंगवली. पहाट, भर दुपार, तिन्हीसांज. जागा बदलायची नाही, वेळ बदलायची. एखादा प्रयोग करताना बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलावी, तसं हे आहे. आणि प्रयोगाचा निष्कर्षही स्पष्ट आहे. झाड बदललं नाही, तरी चित्राचा स्वभाव बदलतो. म्हणजे स्वभाव झाडात नाही.

तो कशात आहे हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. मोबाइलवर कुठल्याही निसर्गचित्राचा फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करा. रंग गेले की उरतात फक्त गडद-फिक्या छटा. कोराडीच्या सकाळसारखं चित्र असेल तर सगळ्या छटा मधल्या करड्यापाशी गोळा झालेल्या दिसतील. फार काळं काही नाही, फार पांढरं काही नाही. डोळ्याला थांबायला ठाम जागा मिळत नाही, तो हळूहळू फिरत राहतो. या संथपणाला आपण उदास किंवा शांत म्हणतो. दुपारच्या चित्रात काळं आणि पांढरं एकमेकांना खेटून असतं. डोळा टकटक उड्या मारतो आणि चित्र उत्साही वाटतं. संध्याकाळच्या चित्रात गडद भाग मोठा, उजेडाची जागा छोटी, आणि तीही पाण्यात. वरचं आभाळ विझलेलं आणि खालचं पाणी अजून चमकतंय, हा क्षण तळ्याकाठी राहणाऱ्या माणसालाच इतका नेमका ठाऊक असतो.

कडांचंही तसंच. सगळ्या कडा मऊ असतील तर चित्र स्वप्नासारखं होतं, सगळ्या धारदार असतील तर नकाशासारखं. आबालाल यांची नजर या दोन्हींमध्ये निवड करणारी होती. प्रतिबिंब ही तर जलरंगाला लाभलेली खास गोष्ट. काठावरचं झाड आणि पाण्यातलं झाड यांत पाण्यातलं किंचित गडद, किंचित मऊ आणि थोडं मोडलेलं असतं. ते जसंच्या तसं उलटं काढलं की चित्र खोटं पडतं. नवशिके तिथेच फसतात.

आबालाल यांच्या रंग लावण्यात आणखी एक गोष्ट दिसते. हिरव्या जागी एकसंध हिरवा फासण्याऐवजी पिवळे, निळसर, जांभळट असे छोटे छोटे स्पर्श शेजारी ठेवायचे आणि ते मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. याच काळात फ्रान्समध्ये क्लोद मोने हेच करत होता. त्याची गवताच्या गंजींची चित्रं 1890-91 मधली, पॉप्लर झाडांच्या रांगेची 1891 मधली. तिथेही विषय एक आणि वेळा अनेक. म्हणून आबालाल यांना सरसकट भारतीय इम्प्रेशनिस्ट म्हणून टाकायची सवय आहे. हा शिक्का गौरवाचा असला तरी थोडा अन्याय करणारा आहे. मोनेच्या मागे पॅरिसचे व्यापारी होते, समीक्षक होते, भांडायला आणि दाद द्यायला बरोबरीचे चित्रकार होते. आबालाल यांच्याकडे जे. जे.चं शिक्षण होतं, वेलबुट्टी पाहून तयार झालेला डोळा होता आणि एक तळं होतं. दोघं एकाच ठिकाणी पोहोचले असतील, पण वाटा निराळ्या होत्या.

जवळच 1906 मध्ये शाहू महाराजांनी सूतगिरणीची पायाभरणी केली. पुढे शाहू मिल म्हणून ती ओळखली गेली आणि तिचा भोंगा कोल्हापूरच्या घड्याळाचं काम करू लागला. चित्रकाराच्या शांत तळ्याशेजारी असा कारखाना आला. कोराडीच्या वाचकाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. इथेही 1974 मध्ये वीज केंद्र सुरू झालं. पानांवर बसणाऱ्या राखेची तक्रार तेव्हापासूनची, आणि तरीही तलावावर सकाळ उतरायची थांबली नाही.

शाहू महाराजांनी त्यांना काय दिलं?

शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. आरक्षण, शिक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण ही त्यांची कामं सर्वांना ठाऊक आहेत. कुस्ती, नाटक, गाणं आणि चित्रकला यांना त्यांनी दिलेला आधारही तितकाच मोठा. आबालाल यांना त्यांनी दरबारी चित्रकार म्हणून पदरी घेतलं. महाराजांच्या स्वारीबरोबर रानात जाऊन आबालाल रेखाटनं करत, अशा आठवणी कोल्हापुरात सांगितल्या जातात. दाजीपूरचं जंगल तेव्हा संस्थानचं शिकारीचं रान होतं. दाट, ओलं, दिवसाही अंधारलेलं. उघड्या तळ्याकाठच्या झाडांहून ही झाडं अगदी वेगळी.

दरबारी चित्रकार म्हटलं की दरबाराची चित्रं करणारा माणूस डोळ्यासमोर येतो. आबालाल त्या साच्यात बसत नव्हते. राहणी फकिराची, बोलणं कमी, मान-मरातबाची हौस नाही. रंगसुद्धा बऱ्याचदा घरीच घोटून तयार करायचे, असं सांगतात. अशा माणसाला पगारी नोकर म्हणून राबवण्याऐवजी त्याच्या तळ्याकाठी राहू देणं, हीच महाराजांची मोठी मदत म्हणायला हवी. राजाश्रय म्हणजे चित्र विकत घेणं असं आपण समजतो. इथे राजाने चित्रकाराचा वेळ राखला. एकच झाड तीस-चाळीस वेळा बघायला जो निवांतपणा लागतो, तो बाजारात मिळत नाही.

नागपूरशी या सगळ्याचा काही संबंध?

आबालाल यांचा थेट संबंध नाही. पण झाडं आणि चित्रातला अर्थ या विषयावर बोलताना सय्यद हैदर रझा यांच्याजवळ थांबावंच लागतं. रझा 1922 मध्ये मंडला जिल्ह्यात जन्मले, वनखात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या घरात. बालपण सातपुड्याच्या जंगलात गेलं. 1939 ते 1943 ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला गेले. 1940 च्या दशकातली त्यांची मुंबईच्या रस्त्यांची आणि काश्मीरची चित्रं बरीचशी जलरंगातली. 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढे त्यांचा बिंदू जगभर प्रसिद्ध झाला. लहानपणच्या रानातल्या रात्रीची भीती आणि सकाळचा दिलासा हे त्यांच्या काळ्या रंगाचं आणि उजळ रंगांचं मूळ मानलं जातं.

दोघांची तुलना इथे उपयोगी पडते. रझा झाडाकडून चिन्हाकडे गेले. खोड, फांदी, पान गळत गळत शेवटी वर्तुळ आणि त्रिकोण उरले, त्यांना बीज, अंकुरण अशी नावं मिळाली. आबालाल झाडापाशीच थांबले. पहिल्या रस्त्याला समजावून सांगणारी पुस्तकं आणि मोठ्या किमती मिळाल्या. दुसऱ्या रस्त्यावर शब्द फारसे नाहीत, म्हणून तो मागे पडला, असं म्हणायला जागा आहे.

1922 नंतर काय झालं?

6 मे 1922 रोजी मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय अवघं 47. आबालाल तेव्हा साठीच्या घरात. यापुढची गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. महाराज गेल्याच्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. आयुष्यभरात त्यांनी केलेल्या चित्रांचा आकडा वीस हजार असा सांगितला जातो. छोटी रेखाटनं धरली तरी हा आकडा फार मोठा आहे आणि दंतकथेला शोभणारा आहे. पण हाती उरलेली चित्रं त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडी आहेत, हे मात्र खरं.

या कथेत एक तपशील असा आहे, की जो तिला साध्या शोककथेपेक्षा वेगळं करतो. जलरंग वाळले तरी पक्के होत नाहीत, कारण गोंद पाण्यात पुन्हा विरघळतो. तैलचित्र बुडालं तर कॅनव्हास कुजेपर्यंत चित्र टिकून राहील. जलरंगाचा कागद बुडाला की गोंद सुटतो, रंगद्रव्याची पूड मोकळी होते आणि झाड, घाट, संध्याकाळ सगळं पाण्यात मिसळून जातं. हे माहीत असणारा माणूस चित्रं जाळू शकला असता, अडगळीत टाकू शकला असता. कथा सांगणाऱ्यांनी त्याला पाण्याकडेच नेलं, आणि तेही ज्या तळ्यावरून ती चित्रं काढली होती त्याच तळ्याकडे. लोकांना त्या माणसाचं आणि तळ्याचं नातं किती बळकट वाटत होतं, हे यातून दिसतं.

यानंतर जवळपास दहा वर्षं ते जगले. राजाश्रय संपला होता, मुंबईच्या कलाविश्वाशी संपर्क फारसा उरला नव्हता. 1931 च्या डिसेंबरात त्यांचं निधन झालं.

मागे काय उरलं?

सर्वांत जास्त उरलं ते इतरांच्या हातात. बाबूराव पेंटर, आनंदराव पेंटर, दत्तोबा दळवी ही पुढची पिढी आबालाल यांना मानणारी. बाबूरावांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि मग कॅमेरा हाती घेतला. 1920 चा त्यांचा सैरंध्री मराठी मातीतल्या सिनेमाचा मोठा टप्पा आहे. निसर्गचित्राची आवड तर कोल्हापुरात इतकी मुरली की अभिनेते चंद्रकांत मांडरे सिनेमातून वेळ काढून आयुष्यभर निसर्गचित्रं करत राहिले. त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आज कोल्हापुरात आहे.

कोटितीर्थाची अवस्था मात्र फारशी चांगली नाही. सांडपाणी आणि प्रदूषणाच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. आबालाल यांनी पाहिलेलं पाणी पाहायचं तर चित्रांकडेच जावं लागतं, आणि तीही नाजूक आहेत. जलरंग उजेडात फिके पडतात, दमट हवेत कागदावर बुरशीचे तपकिरी डाग येतात. म्हणून कागदावरच्या कामांसाठी संग्रहालयांमध्ये प्रकाश साधारण 50 लक्सच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. उघड्यावर बसून उन्हात केलेलं चित्र अर्धवट अंधारात बघावं लागतं. डोळ्यांना सरावायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. मग आधी छटा दिसतात, नंतर कडा, आणि झाड कोणतं हे सगळ्यांत शेवटी.

आबालाल यांची काही चित्रं कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. नागपूरकरांसाठी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते. प्रवास एका दिवसाहून थोडा जास्तच, पण वाटेत विदर्भाच्या बाभळीपासून पश्चिम महाराष्ट्राच्या उसापर्यंत खिडकीत झाडं बदलत जाताना दिसतात.